स्पिटफायरचे जनक : रेजिनाल्ड मिचेल



आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत सध्या एक जुनं लढाऊ विमान शिरलं आहे. घरच्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मुलं (आणि मुलं झोपली की त्यांचे बाबा) स्पिटफायर उडवतात. फ्लाइटगिअर हा अख्खा सिम्युलेटरच फुकट मिळतो आणि त्यात हौशी लोकांनी बनवलेलं स्पिटफायरही आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००४ आणि एफएसएक्स या जुन्या आवृत्त्यांसाठीही जगभरच्या हौशी मंडळींनी रात्री जागवून जुनी विमानं तयार केली आणि एक पैसा न घेता वाटून टाकली. फुकट मिळालं म्हणजे सोपं असेल, अशी मात्र कुणी समजूत करून घेऊ नये. पहिल्या दहा प्रयत्नांत धावपट्टी सोडून गवतात न गेलेला वैमानिक आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

हे विमान असं हट्टी का आहे, याचं उत्तर शोधू लागलं की आपण एका माणसापर्यंत येऊन पोचतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांनी शाळेत त्यांचं नाव ऐकलेलं असतं. आपल्यापैकी मोठ्यांना मात्र नावापलीकडे फारसं काही माहीत नसतं. म्हणून या वेळी रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांची ही ओळख.

मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ चा. गाव बट लेन, स्टॅफर्डशायरमध्ये, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जवळ. चिनी मातीच्या कपबशा आणि कोळशाच्या खाणी यांचा हा भाग, समुद्र दूर आणि विमानाचा तर दूरान्वयानेही संबंध नाही. वडील शिक्षक, पुढे हेडमास्तर झाले आणि नंतर छपाईच्या धंद्यात पडले. मुलगा गणितात हुशार होता आणि त्याला विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायचा नाद होता. राइट बंधूंनी उड्डाण केलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, म्हणजे नाद लागायला अगदी योग्य वय!

सोळाव्या वर्षी, १९११ मध्ये, शाळा संपली आणि त्याला केर-स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला चिकटवलं गेलं. दिवसभर तेल, काजळी आणि हातोडे, संध्याकाळी रात्रशाळेत यंत्रशास्त्र आणि वरच्या पायरीचं गणित. घरी एक लेथही आणून बसवला होता. आपल्याकडच्या कितीतरी घरांत असे दिवसा कारखान्यात आणि रात्री क्लासला जाणारे काका-मामा होऊन गेले, त्यामुळे हा भाग वाचताना आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. विद्यापीठाची पदवी मिचेल यांनी कधी घेतली नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९१७ मध्ये पहिलं महायुद्ध चालू असताना ते साउदॅम्प्टनला सुपरमरीन कंपनीत नोकरीला लागले. इचेन नदीच्या काठी वुल्स्टन इथे कारखाना, आणि काम पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स डेसन यांच्याशी लग्न झालं. फ्लॉरेन्सबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. १९२० मध्ये मुलगा गॉर्डन झाला. इकडे १९१९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, मिचेल मुख्य आराखडाकार झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुख्य अभियंता. त्या काळात विमानविद्या इतकी कोवळी होती की चोविशीतला माणूसही तिच्यात ज्येष्ठ ठरू शकत होता.

माणूस कसा होता? बोलताना थोडा अडखळायचा. लोकांसमोर भाषण म्हणजे संकट. खेळांची आवड होती, गोल्फ आणि टेनिस खेळायचे. चित्रफळ्यासमोर उभे राहिले की तासन् तास गप्प, आणि अशा वेळी मध्ये बोलायला जाणाऱ्याची खैर नसे. कुणाच्या काळजीपूर्वक काढलेल्या आराखड्यावर ते सरळ जाड पेन्सिलने नव्या रेघा ओढत, की त्या बिचाऱ्याला सगळं पुन्हा काढायला लागे. आणि तरीही माणसं त्यांना सोडून गेली नाहीत. चूक झाली तर साहेब आपल्या पाठीशी उभे राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं नाव झालं ते श्नायडर करंडकामुळे. समुद्रावरून उडणाऱ्या विमानांची ही शर्यत. पाच वर्षांच्या आत तीनदा जिंकेल त्या देशाकडे करंडक कायमचा राहणार, असा नियम. १९२२ मध्ये नेपल्सला मिचेल यांच्या सी लायन विमानाने बाजी मारली. ते जुन्या पद्धतीचं, दोन मजली पंखांचं. मग १९२५ मध्ये त्यांनी एकदम उडी घेतली. एस-४ या विमानाला एकच पंख आणि त्याला बाहेरून आधार देणारी एकही तार किंवा दांडा नाही! त्या वर्षी सप्टेंबरमध्ये या विमानाने ताशी ३६० किलोमीटरच्या वर वेग गाठून सागरी विमानांचा विक्रम केला, आणि पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरला शर्यतीआधी ते पाण्यात कोसळलं. वैमानिक हेन्री बियार्ड वाचले. पण तो दिवस मिचेल विसरले नाहीत.

पुढच्या एस-५ विमानाला त्यांनी पुन्हा तारा लावल्या. कागदावर सुंदर दिसणारी कल्पना माणूस आत बसवण्याइतकी पक्की झाली आहे का, हा प्रश्न त्यांना सतत पडत असे. एस-५ ने १९२७ मध्ये व्हेनिसला शर्यत जिंकली, वेग ताशी ४५३ किलोमीटर. १९२९ मध्ये इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर एस-६ जिंकलं. या दोन विजयांच्या मध्ये, मार्च १९२८ मध्ये, वेगाचा विक्रम करताना एस-५ कोसळून किंकेड हे वैमानिक गेले. ऑगस्ट १९३१ मध्ये सरावात ब्रिंटन गेले. सिम्युलेटरमध्ये विमान आपटलं की एक कळ दाबून पुन्हा धावपट्टीवर येता येतं. मिचेल किनाऱ्यावर उभे राहून बघत असत आणि त्यांच्यापुढे अशी कळ नव्हती.

तिसऱ्या शर्यतीची गोष्ट गमतीची आहे. मंदीचे दिवस, सरकारने पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा लेडी ह्यूस्टन नावाच्या श्रीमंत बाई पुढे आल्या आणि त्यांनी एक लाख पौंड दिले. सरकारची जिरवायची हौस हाही त्यामागचा एक हेतू होता, असं म्हणायला हरकत नाही. १३ सप्टेंबर १९३१ रोजी एस-६बी विमानाने ताशी ५४७ किलोमीटर वेगाने शर्यत पुरी केली. खरं सांगायचं तर इटली आणि फ्रान्स वेळेत तयार झालेच नव्हते, त्यामुळे ब्रिटन एकटंच धावलं आणि पहिलं आलं! पण त्याच महिन्याच्या २९ तारखेला याच जातीच्या विमानाने ताशी ४०० मैलांचा, म्हणजे सुमारे ६४४ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. जगात तोवर कुणी इतक्या वेगाने गेलं नव्हतं. वर्षअखेरीस मिचेल यांना सी.बी.ई. हा किताब मिळाला.

या साऱ्या धामधुमीत ते रोजची भाकरी देणारी कामंही करत होते, हे लोक विसरतात. १९२० ते १९३६ या काळात त्यांनी चोवीस विमानं आखली. त्यातली साउदॅम्प्टन जातीची चार उडती जहाजं १९२७-२८ मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्याकिनाऱ्याने सिंगापूर आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आली. वॉलरस नावाचं त्यांचं विमान दिसायला अगदीच ओबडधोबड, पण दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या कितीतरी वैमानिकांना त्याने उचलून आणलं.

आता स्पिटफायरकडे येऊ. हवाई खात्याला नवं लढाऊ विमान हवं होतं. मिचेल यांचा पहिला प्रयत्न, टाइप २२४, फेब्रुवारी १९३४ मध्ये उडाला आणि फसला. जाड वाकडे पंख, न मिटणारी चाकं, आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी वाफेची अशी काही व्यवस्था की ती धड चालेचना. कंत्राट ग्लॉस्टर कंपनीच्या दोन मजली पंखांच्या ग्लॅडिएटरला गेलं. जगातलं सर्वांत वेगवान विमान बनवणारा माणूस साध्या स्पर्धेत हरला.

आणि त्याच सुमाराला घरात दुसरंच संकट उभं होतं. ऑगस्ट १९३३ मध्ये मिचेल यांना आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग असल्याचं निघालं. मोठं ऑपरेशन झालं. पोटावर कायमची पिशवी आली. रोग उलटू शकतो हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. वय अडतीस. कंपनीतल्या फार थोड्या लोकांना याची कल्पना होती. त्या काळी या आजाराचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नसे, आणि आपल्या घरांतही अजून पुष्कळदा घेत नाहीत.

अशा वेळी माणूस काय करतो? मिचेल यांनी विमान चालवायला शिकायला सुरुवात केली! जुलै १९३४ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यांच्या सगळ्या चरित्रात आम्हाला सर्वांत भिडलेली गोष्ट हीच. सतरा वर्षं दुसऱ्यांसाठी विमानं आखणारा माणूस ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वतः दांडा हातात धरतो.

कामावर परत आल्यावर त्यांनी फसलेलं विमान बाजूला सारलं आणि नव्याने आखायला घेतलं. रोल्स-रॉइसचं नवं बारा सिलिंडरचं इंजिन, जे पुढे मर्लिन म्हणून गाजलं, ते नाकात बसवायचं ठरलं. चाकं मिटणारी. वाफेची व्यवस्था गेली. पंख होता होईल तो पातळ करायचा. पण त्याच पंखात आठ मशीनगन आणि मिटलेली चाकंही मावायला हवीत. म्हणून मुळाशी बराच अंतर रुंद राहणारा आणि टोकाला झपकन निमुळता होणारा लंबवर्तुळाकार पंख आला. त्याचं बरंचसं गणित बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनेडियन तज्ज्ञाने केलं. स्पिटफायर एकट्या मिचेल यांच्या डोक्यातून निघालं असं म्हणणं बरोबर नाही. पण कुणाचं काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणारा माणूस एकच होता.

५ मार्च १९३६ रोजी दुपारी ईस्टलीच्या विमानतळावरून, म्हणजे आजच्या साउदॅम्प्टन विमानतळावरून, के ५०५४ हा क्रमांक असलेलं ते पहिलं विमान उडालं. चालवत होते मट समर्स. उड्डाण जेमतेम आठ मिनिटांचं, चाकंही वर घेतली नव्हती. खाली उतरल्यावर समर्स यांनी विमानाला कुणी हात लावू नका असं बजावलं. त्यावरून विमान पहिल्याच फटक्यात निर्दोष निघालं अशी दंतकथा पसरली. त्यांचा मतलब इतकाच होता की मी पुन्हा उडवीपर्यंत काही बदलू नका. दोष पुष्कळ होते. अपेक्षेइतका वेगही नव्हता, तो पंखा बदलल्यावर वाढला. ३ जूनला सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदवली. स्पिटफायर हे नाव व्हिकर्स कंपनीच्या अध्यक्षांनी दिलं. मिचेल यांना ते मुळीच आवडलं नव्हतं!

आता सिम्युलेटरवाल्या मंडळींसाठी थोडं. हे विमान घरी उडवताना जो त्रास होतो, तो जवळजवळ सगळा वरच्या निर्णयांतून आलेला आहे. लांब इंजिनामुळे नाक लांब, शेपटाखाली छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर असताना समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून नागमोडी चालवत न्यायचं आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी डोकावायचं. चाकांचे पाय धडाजवळ बसवलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटणारे, त्यामुळे दोन चाकांतलं अंतर कमी आणि विमान जमिनीवर डुगडुगतं. रेडिएटर उजव्या पंखाखाली आणि चाकाचा पाय बरोबर त्याच्या वाटेत, म्हणून जमिनीवर रेंगाळलात की इंजिन तापलंच. उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल एकदम पुढे ढकललं की विमान डावीकडे ओढतं, तेव्हा उजव्या पायाने रडर दाबून धरायचा. (मागाहून आलेल्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरमध्ये पंखा उलटा फिरतो, तिथे हेच सगळं उलट! एकाची सवय झाली की दुसरं फसवतं.)

चाकं वर घ्यायची मूठ उजव्या हाताला आहे. म्हणजे उड्डाण होताच डावा हात थ्रॉटलवरून दांड्यावर आणायचा आणि उजवा मोकळा करायचा. अगदी सुरुवातीच्या विमानांत तर चाकं हाताने पंप मारून वर घ्यावी लागत, आणि नवखा वैमानिक पंप मारताना दुसरा हातही हलवायचा, त्यामुळे विमान डॉल्फिनसारखं वरखाली होत जायचं. हवेत गेल्यावर मात्र सगळा राग विसरायला होतो. दांडा इतका हलका की बोटांनी चालवावं. नाक झटकन खाली दाबलं तर चांगल्या मॉडेलमध्ये इंजिन खोकतं, कारण कार्बुरेटरमधलं पेट्रोल उसळतं. खऱ्या युद्धात यामुळे वैमानिकांचे प्राण कंठाशी येत. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी एका छोट्या भोकाच्या चकतीने यावर पुष्कळसा उपाय केला. उतरताना सरळ रेषेत येऊ नका. वळत वळत या, म्हणजे शेवटपर्यंत धावपट्टी दिसत राहते. आणि सेटिंगमध्ये सगळं सोपं करून ठेवलं असेल तर यातलं काहीच जाणवणार नाही, तेव्हा पालकांनी ती खूण काढून टाकावी अशी आमची सूचना आहे.

मिचेल यांना हे विमान लढताना बघायला मिळालं नाही. १९३६ मध्ये दुखणं उलटलं. तब्येत साथ देईनाशी झाली तरी ते ईस्टलीला मोटारीत बसून चाचण्या बघत. १९३७ च्या सुरुवातीला काम सुटलं. एप्रिलमध्ये अखेरची आशा म्हणून व्हिएन्नाला नेलं, तिथे महिनाभर राहून ते घरी परतले. ११ जून १९३७ रोजी साउदॅम्प्टनच्या राहत्या घरी ते वारले. वय बेचाळीस. गॉर्डन तेव्हा सोळा वर्षांचा होता.

पुढचं काम जोसेफ स्मिथ यांनी सांभाळलं, आणि त्यांचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये डक्सफर्डला १९ व्या स्क्वाड्रनकडे पहिली स्पिटफायर गेली. १९४० च्या लढाईत हरिकेन विमानं संख्येने जास्त होती आणि शत्रूची विमानंही त्यांनीच जास्त पाडली, पण लोकांच्या मनात बसलं ते स्पिटफायर. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वुल्स्टनचा कारखाना बाँब टाकून उद्ध्वस्त केला, तेव्हा काम आसपासच्या गॅरेजांत आणि छोट्या शेडमध्ये विखरून चालू ठेवलं गेलं. १९४८ पर्यंत वीस हजारांहून जास्त स्पिटफायर बनली.

आपला धागाही यात आहे. लोकवर्गणीतून आणि संस्थानिकांच्या देणग्यांतून विमानं घेतली जात, आणि एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड धरलेली होती. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या १२४ व्या स्क्वाड्रनचं नाव बडोदा, १३२ व्याचं सिटी ऑफ बॉम्बे. दोन्ही स्पिटफायरची. बडोदेकर गायकवाडांच्या तिजोरीतला पैसा म्हणजे शेवटी रयतेचाच पैसा, आणि तो कुणाच्या युद्धासाठी गेला हा प्रश्न आम्हाला पडतो. त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४७ च्या अखेरीस, काश्मीरच्या लढाईत भारतीय वैमानिकांनी हीच विमानं स्वतःच्या देशासाठी उडवली. दिल्लीला पालमच्या विमानदल संग्रहालयात एक स्पिटफायर आजही आहे.

१९४२ मध्ये मिचेल यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात लेस्ली हॉवर्ड यांनी त्यांचं काम केलं. चित्रपट सुरेख आहे, पण त्यातले मिचेल जर्मनीला जाऊन धोका ओळखून येतात आणि अतिश्रमाने मरतात. तसं काही झालं नव्हतं, हे गॉर्डन यांनी पुढे वडिलांवर पुस्तक लिहून स्पष्ट केलं. मुलांना चित्रपट दाखवणार असाल तर एवढं आधी सांगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बघायला जायचं असेल तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये विक्रम करणारं एस-६बी आणि श्नायडर करंडक दोन्ही आहेत. हेंडनच्या आर.ए.एफ. म्युझियमला तिकीट नाही, नॉर्दर्न लाइनवर कॉलिंडेलला उतरून चालत जाता येतं, आणि तिथे १९४० च्या लढाईतलं स्पिटफायर उभं आहे. साउदॅम्प्टनला सोलेंट स्काय संग्रहालय इचेन नदीच्या जवळच आहे, वुल्स्टन पलीकडच्या काठाला. लांबून जाणाऱ्यांनी पोळीभाजीचा डबा बरोबर घ्यावा, आणि घरी सिम्युलेटर असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एकदा साउदॅम्प्टनहून उडून कॅलशॉटपर्यंतचा किनारा वरून बघून ठेवावा, म्हणजे जागा ओळखता येतील.